बँडमधला कीबोर्डवाला नेमकं करतो काय? रिक राइटच्या आयुष्यावरून समजून घेऊ

मागच्या उन्हाळ्यात आमची प्रॅक्टिस चालू होती. सोलापूरच्या पूर्व भागात एका बंद पडलेल्या पॉवरलूम शेडच्या वरची खोली आहे, शेजारच्या शेडमधले माग मात्र चालू असतात, त्यामुळे आमच्या ड्रमवाल्याला दिवसभर ते खटॅक-खट खटॅक-खट कानात घेऊनच स्वतःचा ताल धरावा लागतो. तर गाणं अर्ध्यावर आलं आणि माझ्या कीबोर्डचा अडॅप्टर निसटला. मी खाली वाकून पिन शोधतोय तोवर बाकीचे वाजवतच होते, गिटार होती, बेस होता, ड्रम होता, गायक गातच होता. दोन ओळी झाल्या आणि गायक थांबला, मागं वळून म्हणाला, "काय झालं बे, गाणं पातळ होलालंय."

त्याला कळलंच नव्हतं की कीबोर्ड बंद पडलाय. त्याला एवढंच कळलं की गाण्यातून काहीतरी गेलं. हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय कारण लोक मला नेहमी विचारतात की गिटारवाल्याचं समजतं, ड्रमवाल्याचं समजतं, तू मागं उभा राहून दोन्ही हात ठेवून नेमकं करतोस काय. आपल्या चादरीचंच बघा ना, दुकानात गिऱ्हाईक नक्षी बघतं, फूल कुठलं, मोर आहे का, रंग कुठला. नक्षी ज्या विणीवर उभी आहे तिच्याकडं कोण बघत नाही, पण हातात घेतल्यावर चादर भारी आहे की हलकी हे ती वीणच सांगते. कीबोर्डवाला ती वीण धरतो. आणि हे समजून घ्यायला पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या बँडचा रिचर्ड राइट, ज्याला सगळे रिक म्हणायचे, याच्यासारखा दुसरा माणूस नाही, कारण त्याच्याच बँडनं त्याला एकदा काढून टाकलं होतं आणि त्यामुळं तो असताना गाणी कशी वाजतात आणि नसताना कशी, हे दोन्ही आपल्याला आज ऐकायला मिळतं.

रिकचा जन्म २८ जुलै १९४३ चा, लंडनच्या कडेला हॅच एंड म्हणून भाग आहे तिथला. बारा वर्षांचा असताना पाय मोडला, घरात पडून राहावं लागलं, त्या दिवसांत गिटार हातात घेतली, मग ट्रम्पेट, पियानो, बरंचसं स्वतःच शिकला. त्याचं मन जॅझमध्ये होतं. पण कॉलेजला गेला तो आर्किटेक्चर शिकायला, लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये, आणि तिथं १९६२ मध्ये त्याला वर्गात दोघं भेटले, पुढं बँडमध्ये बेस वाजवणारा रॉजर वॉटर्स आणि ड्रमवाला निक मेसन. तिघांपैकी इमारती कोणीच बांधल्या नाहीत. पुढं सिड बॅरेट नावाचा पोरगा आला, गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा, दोन जुन्या अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून त्यानंच बँडचं नाव ठेवलं. १९६७ मध्ये पहिला अल्बम आला.

आता या पहिल्या काळात रिक काय वाजवत होता ते बघू, कारण खरी गंमत तिथूनच सुरू होते. त्याच्याकडं फारफिसा नावाचा इटलीचा छोटा ऑर्गन होता. या ऑर्गनचा मूळ आवाज तसा पातळ, नाकात बोलल्यासारखा, लग्नाच्या बँडवाल्याकडं जुना कीबोर्ड असतो ना तसा. रिकनं तो बिन्सन इकोरेक नावाच्या मशीनमधून काढला. या मशीनमध्ये एक गोल फिरणारा ड्रम असतो, त्यावर आवाज चुंबकानं रेकॉर्ड होतो आणि ड्रम फिरता फिरता पुढच्या हेडपाशी, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागापाशी, आला की तोच आवाज पुन्हा वाजतो, मग पुढच्या हेडपाशी पुन्हा. सोलापूरच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही, आपण सगळे शाळेच्या सहलीत विजापूरला गेलोय, गोलघुमटाच्या वरच्या सज्जात टाळी वाजवलीय आणि ती टाळी परत परत येताना ऐकलीय. रिकनं तो घुमट एका पेटीत घालून स्टेजवर आणला असं समजा. बाकीचे ऑर्गनवाले भरभर बोटं चालवत होते, हा एक सूर सोडायचा आणि त्याचं घुमणं ऐकत थांबायचा. थांबणं हाच त्याच्या वाजवण्याचा मोठा भाग होता, आणि हे जॅझमधून आलंय असं मला वाटतं.

अजून एक खेळणं होतं त्याच्याकडं. हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर ठेवलेले आणि रिकच्या ऑर्गनवर एक पेटी, तिला जॉयस्टिकसारखी दांडी, अझिमथ को-ऑर्डिनेटर तिचं नाव. दांडी ज्या दिशेला वळवाल त्या कोपऱ्यातून आवाज येणार. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये हे पहिल्यांदा वापरलं आणि त्या कार्यक्रमानंतर ते यंत्रच चोरीला गेलं, मग पुन्हा बनवून घ्यावं लागलं. आज थिएटरात आवाज मागून येतो, बाजूनं येतो, त्याचं आपल्याला काही वाटत नाही, पण १९६७ साली प्रेक्षकांच्या डोक्यावरून आवाज फिरवणारा माणूस हा कीबोर्डवाला होता.

१९६८ पर्यंत सिडची तब्येत, म्हणजे मनाची तब्येत, फार बिघडली, त्याला बँड सोडावा लागला आणि त्याच्या जागी गिटारवाला डेव्हिड गिल्मर आला. त्यावेळच्या मॅनेजरांना वाटायचं की बँडची खरी संगीताची बाजू म्हणजे सिड आणि रिक, बाकीचे नाही, म्हणून ते मॅनेजर सिडबरोबर गेले. रिक बँडमध्ये राहिला पण सिडला विसरला नाही, १९७० मध्ये सिडचा दुसरा सोलो अल्बम आला तो गिल्मर आणि रिकनं मिळून प्रोड्यूस केला.

याच काळात फारफिसाबरोबर हॅमंड ऑर्गन आला आणि इथं जरा थांबून समजून घेऊ कारण रॉकमधला अर्धा ऑर्गन म्हणजे हॅमंड. आपल्याला पेटी माहितीये, भात्यानं हवा मारायची आणि पितळेच्या पट्ट्या थरथरतात, त्याच कुटुंबातला पायानं हवा मारायचा ऑर्गन आपल्या संगीत नाटकात असायचा, बालगंधर्वांच्या जमान्यापासून. हॅमंडमध्ये हवा नाही आणि पट्ट्याही नाहीत. लॉरेन्स हॅमंडनं १९३५ मध्ये बाजारात आणलेल्या या वाद्यात धातूच्या दातेरी चकत्या मोटरवर फिरत असतात, प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं, दात समोरून जाईल तसा विजेचा झोत कमीजास्त होतो आणि तोच स्पीकरमध्ये सूर होऊन येतो. वर नऊ दांड्या असतात, ड्रॉबार म्हणतात, त्या कमीजास्त ओढून आवाजाचा मसाला ठरवायचा, किती खर्ज, किती वरचा सूर. आणि हा सगळा डोलारा लाकडी कपाटाएवढा, मोठं मॉडेल स्पीकरसकट दीडशे किलोच्या वर जातं. माझा कीबोर्ड मी स्कूटीवर पायाशी आडवा धरून नेतो, म्हणून मला त्या काळच्या पोरांबद्दल जास्तच आदर वाटतो.

हॅमंडला जोडतात तो लेस्ली स्पीकर. स्टेशनजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की ऐकली असेल, न थांबणारी गाडी हॉर्न देत येते तेव्हा हॉर्न वरच्या पट्टीत असतो आणि समोरून निघून गेली की तोच हॉर्न एकदम खाली उतरतो. हॉर्न तोच असतो, गाडी जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटीनं येतात आणि लांब जाताना विरळ होतात म्हणून कानाला तसं वाटतं, याला डॉपलर परिणाम म्हणतात. आता डॉन लेस्लीनं काय केलं, स्पीकरच्या तोंडावरचा भोंगाच गोल फिरवला. जोरात फिरवला तर सेकंदाला सहा-सात फेऱ्या, म्हणजे तेवढ्या वेळा ती गाडी तुमच्याकडं येते आणि तुमच्यापासून जाते. आवाज थरथरतो, तरंगतो, जिवंत होतो. लहानपणी कूलरसमोर तोंड करून आपण "आऽऽऽ" करायचो त्याचा हा मोठा भाऊ.

रिकनं लेस्लीमध्ये ऑर्गन घातलाच, पण एक दिवस पियानो घातला. वरच्या पट्टीतला एकच सूर वाजवला, टिंग, आणि तो लेस्लीतून पाण्यात थेंब पडल्यासारखा, पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजासारखा बाहेर आला. बँडला तो आवाज इतका आवडला की त्या एका थेंबाभोवती तेवीस मिनिटांचं गाणं उभं राहिलं, 'एकोज', १९७१ च्या 'मेडल' अल्बमची अख्खी दुसरी बाजू. यात रिक आणि गिल्मर दोघं मिळून गातात, दोघांचे आवाज इतके मिसळतात की कुठला कुणाचा ते पटकन कळत नाही. हे गाणं शेवटी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता कॉर्डचं बघू, कारण वीण म्हणतोय ती इथं असते. आपली पेटी बहुतेक वेळा गायकाच्या मागं मागं चालते, गायक जो सूर लावेल तो पेटीवाला धरतो. पाश्चात्य कीबोर्डवाला एकाच वेळी तीन-चार सूर दाबतो, सा ग प एकत्र दाबला की साधी मेजर कॉर्ड झाली, त्यातला ग कोमल केला की मायनर, आणि गायक तोच सूर गात असला तरी खालची कॉर्ड बदलली की त्या सुराचा अर्थ बदलतो. भाकरी तीच, पण शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली आणि दुधात कुस्करली तर चव एक लागते का, तसं.

'अस अँड देम' हे गाणं घ्या. याची चाल रिकनं आधी एका सिनेमासाठी पियानोवर बसवली होती, अँटोनिओनी या दिग्दर्शकाच्या 'झब्रिस्की पॉइंट' मधल्या दंगलीच्या दृश्यासाठी, पडद्यावर मारामारी आणि मागं हा शांत उदास पियानो. दिग्दर्शकानं ती घेतली नाही. दोन-तीन वर्षं ती चाल पडून राहिली आणि १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्ये आली. कडव्यात खालचा षड्ज जवळपास तसाच धरून ठेवलाय, तंबोऱ्यासारखा, आणि त्यावर कॉर्ड सरकत जातात, आणि मध्ये एक कॉर्ड अशी येते की त्यात कोमल गंधार आहे आणि त्याच्याबरोबर शुद्ध निषाद. ज्यांनी पटदीप ऐकलाय त्यांना कोमल ग आणि शुद्ध नी एकत्र आल्यावर मनात काय होतं हे सांगायला नको. गाणं त्या रागात नाही, तसं मी म्हणत नाहीये, पण ती हुरहूर ओळखीची आहे. मी हे गाणं पहिल्यांदा वाजवायला बसलो तेव्हा त्या एका कॉर्डवर किती तरी वेळ अडकून होतो, पुढं जायची इच्छाच होत नव्हती.

त्याच अल्बममधल्या 'ब्रीद' मध्ये अजून एक कॉर्ड आहे, तिच्यात शुद्ध ग आणि कोमल ग दोन्ही एकाच वेळी वाजतात. आपल्याकडं जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण एकामागून एक, इथं एकाच क्षणी एकावर एक. ही कॉर्ड माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बममधून सुचली असं रिकनं स्वतः पियानोवर वाजवून दाखवत सांगितलंय. एका रॉक बँडमध्ये जॅझ कुठून आला, तर असा आला, एका शांत माणसाच्या बोटांतून.

हा अल्बम अमेरिकेच्या खपाच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात मिळून ७४१ आठवडे राहिला. यातलंच 'द ग्रेट गिग इन द स्काय' हे रिकचं. पियानोची चाल त्याची, विषय मरणाचा, आणि गायला शब्द नाहीतच. त्यावर क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला बोलावलं, जानेवारी १९७३ मधला एक रविवार होता, तिला सांगितलं शब्द नको, फक्त भाव. ती त्या पियानोवर जो आलाप करते, मी आलापच म्हणणार कारण दुसरा शब्द मला सुचत नाही, तो ऐकून अंगावर काटा येतो. त्या दिवसाचे तिला ३० पौंड मिळाले, रविवार म्हणून दुप्पट दरानं, आणि अल्बमवर गाणं लागलं एकट्या रिकच्या नावावर.

इथं आपल्या विषयातला सगळ्यात अवघड भाग येतो, गाणं कुणाचं? सोप्या भाषेत सांगायचं तर पैशाच्या वहीत गाण्याचे दोन कप्पे असतात. एक कप्पा ज्यानं गाणं रचलं त्याचा, शब्द आणि चाल, याला गाणं जगात कुठंही वाजलं की वर्षानुवर्षं पैसे येत राहतात. दुसरा कप्पा रेकॉर्डिंगचा, आणि त्यात जो भाड्यानं वाजवायला किंवा गायला आला त्याला बहुतेक वेळा एकदाच पैसे देऊन मोकळं करतात. आपल्याकडं ऑर्केस्ट्रात 'पर नाइट' असते तसंच. आता कॉर्ड, घुमणारा आवाज, सुरुवातीचा ऑर्गनचा तुकडा, ज्याच्यामुळं गाणं ओळखू येतं, हे कुठल्या कप्प्यात टाकायचं? वर्षानुवर्षं ते 'वाजवणं' धरलं गेलं, 'रचणं' नाही. कीबोर्डवाल्याचं नुकसान इथं होतं, कारण त्याचं अर्धं काम दोन्ही कप्प्यांच्या मधल्या फटीत पडतं.

क्लेअर टोरीनं २००४ मध्ये कोर्टात दावा केला की आलापाची चाल माझी आहे, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गाण्यावर राइट आणि टोरी अशी दोन नावं लागतात. मला हे योग्यच वाटतं. रिकचं नाव त्यानं कमी झालं नाही.

आणि ऑर्गनवाल्यांसाठी याहून महत्त्वाची केस दुसऱ्या बँडची आहे. प्रोकॉल हॅरम या बँडचं १९६७ चं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', त्याच्या सुरुवातीला हॅमंडचा जो तुकडा आहे तो जगभर लोक गुणगुणतात, तो वाजवला मॅथ्यू फिशरनं. लेखकांत त्याचं नाव नव्हतं. त्यानं जवळपास ३८ वर्षांनी, २००५ मध्ये दावा केला. २००६ मध्ये हायकोर्टानं चालीत ४० टक्के वाटा दिला, २००८ मध्ये अपिलात नाव राहिलं पण पैसे गेले, कारण म्हणे फार उशीर केला, आणि मग २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं, पैशाचा हक्क परत दिला, उशीर झाला म्हणून मालकी बुडत नाही असं ठरलं. ज्यांनी कुणी आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या गाण्याची सुरुवात बसवून दिलीय त्यांना या निकालाचा आनंद कळेल.

परत रिककडं येतो. १९७५ चा 'विश यू वेअर हिअर'. यात 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे नऊ भागांचं गाणं आहे, सिडसाठी लिहिलेलं. सुरुवातीला जो धुक्यासारखा आवाज पसरतो तो स्ट्रिंग सिंथचा, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज काढणारा कीबोर्ड, एका वेळी कितीही सूर दाबा. त्यावर जी एकटी बासरीसारखी रेघ येते ती मिनीमूग नावाच्या छोट्या सिंथची, आणि मिनीमूगवर एका वेळी एकच सूर वाजतो, दुसरा दाबला की पहिला गेला. एक वाद्य गर्दीचं आणि एक एकट्याचं, रिकनं दोन्ही एकावर एक ठेवली. ५ जून १९७५ ला स्टुडिओत एक जाड, डोकं आणि भुवया काढलेला माणूस येऊन बसला आणि बराच वेळ कुणालाच ओळखू आला नाही. तो सिड होता. ज्याच्यावर गाणं चाललंय तोच समोर बसलाय आणि ओळखू येत नाही. गाण्याचा शेवटचा, नववा भाग एकट्या रिकचा आहे, आणि अगदी संपता संपता तो मिनीमूगवर सिडच्या जुन्या गाण्याची, 'सी एमिली प्ले' ची ओळ हळूच वाजवतो. शब्दात कुणी निरोप दिला नाही, कीबोर्डवाल्यानं दिला.

इथून पुढं उतार लागला. १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स' वर लेखक म्हणून रिकचं नाव एकाही गाण्याला नाही, पहिल्यांदाच असं झालं. बँडवर रॉजर वॉटर्सचा हात घट्ट होत चालला होता, गाणी शब्दांची, रागाची, गोष्टीची होत गेली, आणि शब्द जिथं पुढं येतात तिथं घुमणाऱ्या आवाजाला जागा कमी उरते. त्यात रिकचा संसार मोडत होता. १९७९ मध्ये 'द वॉल' चं काम चालू असताना बाकीच्यांचं म्हणणं पडलं की तो काहीच देत नाही. सुट्टीवरून लवकर येऊन काम संपवायला सांगितलं, तो आला नाही, आणि वॉटर्सनं निर्वाणीचं सांगितलं की हा गेला पाहिजे. चौदा वर्षं ज्या बँडमध्ये काढली त्यातून तो गेला. दोष पूर्ण एकाचाच होता असं मी म्हणणार नाही, गप्प बसणारा माणूस भांडणात नेहमी हरतो आणि कधी कधी त्याचं गप्प बसणं हेच कारण होतं, पण संसार मोडलेल्या मित्राशी असं वागायला नको होतं असं मला आजही वाटतं.

मग १९८० आणि ८१ मध्ये 'द वॉल' चे शो झाले, स्टेजवर खरीखुरी भिंत बांधायचे, खर्च अवाढव्य, आणि त्यात रिक पगारी वादक म्हणून वाजवत होता. शोमध्ये नुकसान झालं ते मालकांचं, म्हणजे बाकी तिघांचं. पगार घेणाऱ्या रिकलाच तेवढे पैसे उरले. पण त्याच स्टेजवर स्वतःच रचलेल्या बँडमागं नोकर म्हणून उभं राहायचं, हे पैशानं भरून निघत नसेल.

१९८३ चा 'द फायनल कट' रिकशिवायचा. कीबोर्डवाला काय करतो याचं उत्तर कुणाला कानानं हवं असेल तर हा अल्बम आणि 'विश यू वेअर हिअर' एकामागं एक ऐका. वाईट नाही तो, शब्द जबरदस्त आहेत, ऑर्केस्ट्रा आहे, पियानो आहे, हॅमंडसुद्धा दुसऱ्यानं वाजवलाय. पण दोन सुरांच्या मधली हवा गेलीय. आमचा गायक म्हणाला तेच, पातळ.

त्या मधल्या वर्षांत रिकनं एका जोडीदाराबरोबर 'झी' नावानं १९८४ मध्ये अल्बम काढला, सगळा कॉम्प्युटर सिंथचा, तो फारसा चालला नाही. मग वॉटर्स बाहेर पडला, कोर्टकचेऱ्या झाल्या, गिल्मर आणि मेसननं बँड पुढं न्यायचं ठरवलं आणि रिकला बोलावलं. तो आला, पण १९८७ च्या अल्बमवर बँडच्या फोटोत फक्त दोघंच आहेत आणि रिकचं नाव बाकी वादकांच्या यादीत. हे वाचताना मला गणपतीतल्या कार्यक्रमांची पत्रिका आठवते, गायकाचा फोटो केवढा आणि खाली बारीक अक्षरात 'साथसंगत'.

१९९४ च्या 'द डिव्हिजन बेल' मध्ये मात्र तो खऱ्या अर्थानं परत आला. पाच गाण्यांत त्याचा रचनेत वाटा आहे. त्यातलं 'मरून्ड' हे बिनशब्दांचं गाणं त्याचं आणि गिल्मरचं, त्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं, या बँडला मिळालेलं हे एकच. आणि 'वेअरिंग द इनसाइड आउट' मध्ये तो पुन्हा मुख्य आवाजात गातो, वीस वर्षांनंतर, बोलणं विसरलेल्या माणसाबद्दलचं गाणं, आवाज जरा घोगरा, थकलेला, खरा. मला त्याच्या सगळ्या कामातलं हे सर्वात जवळचं वाटतं, त्याहून मोठी गाणी आहेत हे मान्य करून.

२ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट' या कार्यक्रमाच्या स्टेजवर वॉटर्ससकट चौघं एकत्र आले, १९८१ नंतर पहिल्यांदा, आणि शेवटचं. २००६ मध्ये तो गिल्मरच्या दौऱ्यावर होता, तिथं 'एकोज' रोज वाजायचं, लेस्लीतून तो पियानोचा थेंब पडायचा आणि लोक तेवढ्यावरच ओरडायचे. १५ सप्टेंबर २००८ ला कॅन्सरनं तो गेला, वय ६५. त्यानंतर गिल्मरनं 'एकोज' वाजवणं बंद केलं, २०१६ मध्ये तो इटलीतल्या पॉम्पेईच्या त्या प्राचीन रंगमंडपात परत गेला, जिथं १९७१ मध्ये बँडनं हेच गाणं चित्रित केलं होतं, तिथंही वाजवलं नाही. रिकशिवाय ते करणं बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं.

२०१४ मध्ये 'द एंडलेस रिव्हर' आला, १९९३ च्या सेशनमध्ये उरलेल्या रिकच्या वाजवण्यावर उभा केलेला. त्यात दीड मिनिटाचा एक तुकडा त्याहून कितीतरी जुना आहे. जून १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, तिथला जवळपास दहा हजार पाइपांचा अवाढव्य ऑर्गन, आणि त्यावर पंचवीस वर्षांचा रिक बसलाय. ते वाजवणं कुणीतरी टेपवर धरून ठेवलं होतं, ४५ वर्षांनी, तो गेल्यावर सहा वर्षांनी ते लोकांनी ऐकलं.

तो तुकडा मी आमच्या गायकाला ऐकवला, शेडच्या वरच्या खोलीत, माग बंद असतात त्या वारी. निम्म्यात म्हणाला, "यात गाणं कुठंय बे?" मी काही बोललो नाही. संपल्यावर थोडा वेळ तसाच बसला आणि म्हणाला, "परत लाव की."